क्लचवरचा ठोकळा

निघोजे, ता. खेड
२१ जानेवारी २०२४

ताई,

मायन्यात काय लिहावं यात दोन रविवार गेले. 'तीर्थरूप' लिहिलं तर तू हसशील, 'प्रिय' लिहिलं तर तुला राग येईल. म्हणून नुसतं ताई.

मारुंजी इथून तीस किलोमीटर, आणि मी पोस्टानं पत्र पाठवतोय. माझा फोन तू घेत नाहीस. दारात येऊन उभं राहायचं मला धाडस नाही. शिवाय तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मुली शिकायला आलेल्या असायच्या, त्यांच्यासमोर तुला अवघडल्यासारखं नको.

काम असं आहे. आप्पांना जाऊन दहा महिने होतील. गोठ्यात त्यांची एमजी अजून उभी आहे, ताडपत्रीखाली. ती दुरुस्त करायची असं मी ठरवलंय. जुन्या गाड्यांना आता 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. ती घ्यावी, वर्षातून एकदा मेळाव्याला न्यावी, एवढाच विचार. पण मालक गेल्यावर नोंदणी बदलायला सगळ्या वारसांची संमती लागते. वारस तीन: आई, तू, मी. आईची सही झाली. तुझी हवी. फॉर्म जोडला आहे. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीनं बारीक फुली केली आहे.

अर्जासोबत गाडीचा इतिहास एका पानात द्यायचा आहे. मी असा लिहिलाय, चुकलं असेल तर सांग:

'माझे आजोबा सोनबा हे देहूरोडच्या लष्करी डेपोत फिटर होते. १९६१ साली तिथल्या एका मेजरची बदली झाली. त्यांची १९५१ची एमजी, दोन माणसांची, उघड्या टपाची, गिअरबॉक्स फुटून पडली होती. ती त्यांनी आजोबांना दिली. आजोबांनी ती बैल लावून निघोज्याला आणली. माझे वडील उद्धवराव पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. सुटे भाग मिळत नसत, ते त्यांनी स्वतः बनवून गाडी चालती केली. मूळचा रंग दुधी होता. वडिलांनी लेथ मशीनला देतात तसला हिरवा दिला.'

यात तुझं नाव आलेलं नाही, हे मला लिहून झाल्यावर दिसलं. जागा एका पानाचीच होती.

आई बरी आहे. गुडघे दुखतात.

जयदीप


निघोजे
१० मार्च २०२४

ताई,

पोचपावती परत आली. तिच्यावर तुझी सही आहे, 'स्व'ला वरून घेतलेल्या त्याच लांब रेघेसकट. मागितलेली सही मिळाली, फक्त पोस्टाच्या कार्डावर. तुझ्या भावजयीनं, पुनमनं, ते कार्ड फ्रीजच्या दारावर चुंबकानं लावून ठेवलंय. "पत्र घेतलं तरी," म्हणाली. "परत नाही पाठवलं."

मी उत्तराची वाट न बघता काम सुरू केलं. खरं तर थांबायला हवं होतं. तुझ्या संमतीशिवाय गाडीला पाना लावणं बरोबर की चूक, याचा विचार मी पाना लावल्यानंतर केला.

रविवारी सुट्टी, त्या दिवशी गोठ्यात. कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांनी केलेले भाग मोजतो आणि पास-नापास ठरवतो. इथे स्वतःच्या हातानं सोडवायला बसलो तर पहिला बोल्ट निघायला दुपार झाली. प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधून पिशवीत भरतोय. शेजारची पोरं येऊन बघतात. एकानं विचारलं, "काका, एमजी म्हणजे हेक्टर ना? मग ही एवढीशी कशी? पावसात आकसली का?" मी त्याला सांगितलं की ही तिची पणजी आहे. "मग हिचा टप कुठंय?" म्हणे. पणजीचं डोकं उघडं बघून त्याला वाईट वाटलं असावं.

खालचं चॅसी लोखंडी आहे, पण वरच्या पत्र्याच्या आत सगळा सांगाडा लाकडाचा, हे मला माहीत नव्हतं. तुला होतं का? डाव्या बाजूचं लाकूड हातात घेतलं तर भुसा झाला.

आणि पायाखालची फळी काढली. ती कुजलेली नाही. उलटी केली तर मागच्या बाजूला आप्पांचं अक्षर, पेन्सिलीचं. आहे तसं उतरवतो:

स्वरूपा. डावा.
१९९० – अडीच इंच
१९९१ – सव्वादोन
१९९३ – दोन
१९९६ – पावणेदोन

खाली रेघ मारून थोडी जागा सोडलेली आहे.

तुझ्या आखूड डाव्या पायासाठी क्लचच्या पेडलवर बसवलेला तो लाकडी ठोकळा अजून तिथेच आहे. मी मापलं. पावणेदोन इंच, केसभरही इकडेतिकडे नाही. आमच्याकडे संगणकावर चालणारी मशीनं आहेत, त्यांचेही भाग मी यापेक्षा जास्त फरकानं परत पाठवतो.

दर वेळी थोडं कमी का झालं? तुला नवे बूट मिळाले म्हणून, की पाय सरावला म्हणून? हे विचारायला आता दुसरं कोणी नाही.

फळीचा फोटो प्रिंट करून जोडतोय. फॉर्म परत पाठवला नाहीस तरी घाई नाही.

जयदीप


निघोजे
१९ मे २०२४

ताई,

तुझी दुसरी पोचपावतीही फ्रीजवर आहे. पुनम काल म्हणाली, "तुम्ही सहीसाठी पत्र लिहिताय असं अजूनही म्हणताय का?" मी पानं मांडायला घेतली. ती डाळीला फोडणी घालत होती, त्यामुळे ते खपून गेलं.

लाकडाच्या सांगाड्यासाठी पुण्यात दोघांना विचारलं. ते फर्निचरवाले निघाले. शेवटी आईनं सुचवलं, "त्या दत्तोबा मिस्तरीला दाव की. शर्यतीचं गाडं करतोय त्यो." शेलपिंपळगावचे दत्तोबा मिस्त्री. वय ऐंशीच्या आसपास, अजून बैलगाड्याच्या शर्यतीतले गाडे करतात. मी सांगाड्याचे तुकडे टेम्पोत घालून नेले.

"ह्याला बैल कुठं जुंपायचं?"

"इंजिन आहे मिस्त्री."

"मंग लाकूड कशापाई?"

"इंग्रजांनी तसंच केलंय."

"त्येंला लोखंड महाग पडलं आसंल," म्हणाले, आणि तुकडे उलटेसुलटे करत बसले. एका जोडावर त्यांचा अंगठा थांबला. "आरं, ह्यो जोड तर म्याच केलाय. उद्धव आला व्हता. त्याची पोरगी गाडी चालवीत आली व्हती, त्यो बाजूला बसलेला. मी म्हनलं, उद्धवा, पोरीच्या हातात गाडी, तीबी एका पायाव? तर म्हनला, गाडीला पाय लागत्यात दोन, दुसरा म्या करून दिलाय."

मग मला विचारलं, "कुठं आस्ती ती आता?"

"मारुंजीला. गाडी शिकवते बायकांना."

"मग बरं हाय," म्हणाले. त्यांना काय बरं वाटलं ते मी विचारलं नाही.

त्यांनी एक गोष्ट शिकवली, ती लिहून ठेवतो. मी प्रत्येक जोड घट्ट हवा म्हणून मागे लागलो होतो. स्क्रू, डिंक, पट्टी, सगळं. त्यांनी माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. "शर्यतीत गाडा दगडावरनं उडतोय. सगळं आवळलंस तर पयल्याच धक्क्याला फुटंल. थोडं हालू द्यायचं त्येला." सागाचे नवे तुकडे त्यांनी जुन्यांच्या शेजारी ठेवून हातानंच मापले, फूटपट्टी घेतली नाही. बसले.

परत येताना टेम्पोत मला १९९७ची भैरवनाथाची यात्रा आठवली. तुलाही आठवत असेल. मी अठरा वर्षांचा. आदल्या दिवशी गुपचूप ठोकळा काढला, कारण त्याच्यासकट माझा पाय पेडलवर नीट बसत नसे, आणि गाडी बाहेर काढली. देवळासमोर सगळ्या गावादेखत ती तीनदा बंद पडली. कोणीतरी ओरडलं, "आरं बहिणीला बोलव, तिला जमतंय!" तू आलीस. ठोकळा नव्हता, तरी तू हातानं गुडघा दाबून क्लच दाबलास आणि गाडी घरी आणलीस.

आप्पांनी मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. ठोकळा परत बसवला आणि पाना धरायला मला उभं केलं. बोल्ट आवळताना एवढंच म्हणाले, "ही गाडी हिच्या मापाची आहे. तुला दुसरी करून देईन."

दुसरी झाली नाही. कारखाना, घर, तुझं लग्न, आजोबांचं आजारपण. मी कधी मागितलीही नाही. पण विसरलोही नाही. हे मी पहिल्यांदाच कोणाला तरी लिहितोय.

जयदीप


निघोजे
४ ऑगस्ट २०२४

ताई,

सांगाडा उभा राहिला. इंजिन महिन्यापूर्वी सुरू झालं. दोन्ही कार्ब्युरेटर आप्पांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते, म्हणून वाचले. आई पदर नाकाला लावून गोठ्याच्या दारात उभी होती. आवाज ऐकून म्हणाली, "व्हय, हाच. दोन गल्ल्या आधी कळायचं आलात म्हनून." 'आलात' म्हणजे आप्पा आणि तू.

आता अडचण. निगडीचा अजिंक्य म्हणून एक जण आहे, जुन्या गाड्यांची कागदपत्रं करून देतो. माणूस चांगला. परवा येऊन त्यानं गाडी खालून-वरून पाहिली. 'व्हीए'साठी लिहून द्यावं लागतं की गाडी मूळ स्वरूपात आहे, चॅसीत किंवा बॉडीत बदल केलेला नाही. लाकूड बदललं ती दुरुस्ती, ते चालतं. रंग परत दुधी देऊ, तोही प्रश्न नाही.

"आणि हा ठोकळा?" मी विचारलं.

"दोन बोल्ट आहेत सर. काढा आणि खिशात ठेवा."

मग तो टॉर्च घेऊन पुन्हा खाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. क्लचचं पेडल चॅसीच्या ज्या कानावर, म्हणजे बाहेर आलेल्या पट्टीवर, फिरतं, तो कान आप्पांनी कापून दीड इंच मागे आणून वेल्ड केलाय. नुसत्या ठोकळ्यानं भागलं नसतं, पेडलचा कोनही तुझ्या पायाला जुळायला हवा होता. वेल्ड इतकं साफ आहे की सहा महिने त्या गाडीखाली झोपूनही मला ते दिसलं नव्हतं. माझं कामच दोष शोधायचं आहे.

"हे कापावं लागेल," अजिंक्य म्हणाला. "परत मूळ जागी वेल्ड करू. एका दिवसाचं काम. नाहीतर डिक्लेरेशन खोटं पडेल."

मी सुट्टी काढली. ग्राइंडर भाड्यानं आणला. चष्मा लावला, खाली गेलो, चालू केला. आणि बंद केला. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा आई बाहेरून म्हणाली, "जयू, काय कापतुयास?"

मी म्हणालो, "काही नाही."

ग्राइंडर संध्याकाळी परत देऊन आलो. दुकानदारानं चाकती बघितली. "साहेब, वापरलाच नाही की." पैसे मात्र पूर्ण घेतले.

का कापता आलं नाही, ते लिहायला बसलो की मी गाडीबद्दल लिहू लागतो. हे पत्रही तसंच झालं आहे.

जयदीप


निघोजे
१५ सप्टेंबर २०२४

ताई,

आज गाडीबद्दल लिहिणार नाही.

तेरा वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला तू मला ओवाळलंस. मी ताटात घड्याळ ठेवलं आणि त्याच दमात म्हणालो, "ताई, उद्या खेडला रजिस्ट्रारकडे यावं लागेल. सातबाऱ्यावरची नावं सरळ करायचीत." तू बरं म्हणालीस. करंज्या घेऊन आली होतीस.

ते हक्कसोडपत्र होतं. गोदामवाला जमीन घ्यायला तयार होता, वकील म्हणाला की बहिणीचं नाव आधी कमी करा, आमच्याकडे सगळेच करतात. चाकणच्या पट्ट्यात त्या वर्षी घरोघरी हेच चाललं होतं. ओवाळायला आलेल्या बहिणी दुसऱ्या दिवशी खेडला रांगेत उभ्या होत्या. त्या रांगेत मी तुला नेऊन उभं केलं. सह्यांच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मीच केल्या होत्या.

बाकीच्या बायका फुली बघून सही करत होत्या. तू बाकावर बसलीस आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलंस. मला वाटलं, फाडशील. तू माझ्याकडे पाहिलंस, सगळ्या फुल्यांवर सह्या केल्यास आणि उठताना म्हणालीस, "विचारलं असतंस तर दिली असती, जयू."

नंतर तू घरी न येता तिथूनच मारुंजीची एसटी धरलीस.

इतके दिवस मी स्वतःला सांगत आलो की आप्पांनीच सही घ्यायला लावली. पहिल्या पत्राच्या एका कच्च्या मसुद्यात मी तसं लिहिलंही होतं. ते खोटं आहे. आप्पा म्हणाले होते, "तिला विचार. हवा असेल तर तिचा वाटा ठेवू." मी विचारलं नाही. घरी येऊन त्यांना सांगितलं, "ताईनं आपणहून सोडला."

त्यांना ते खरं वाटलं. म्हणून तू यायची का थांबलीस, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी स्वतःच कारण शोधलं. त्यांना वाटायचं, गाडी लग्नात तुझ्याबरोबर पाठवली नाही म्हणून तू रुसलीस. दर दिवाळीला म्हणायचे, "स्वरूपाला गाडी हवी असेल. विचार तिला." मी दर दिवाळीला हो म्हणायचो. शेवटच्या वर्षी तर ते ताडपत्री काढून बसून राहायचे तिथे. मी कामावरून आलो की म्हणायचे, "विचारलंस?" मी म्हणायचो, "फोन लागत नाही."

फोन मी लावतच नव्हतो.

ते गेले तेव्हा तू आलीस, उभी राहिलीस, पाणीही न पिता गेलीस. आणि लोक म्हणाले, पोरीला बापाचा अजून राग आहे. मी ते ऐकून घेतलं.

हे सगळं गेल्या रविवारी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवलं. म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. पर तुझ्या तोंडून ऐकायचं न्हवतं." नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, "तिला लिव्हलंस का?"

लिहिलं. माफी मागायचा शब्द दोनदा लिहून खोडला, कारण तो लिहिला की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल असं होतं. तसं काही नाही.

जयदीप


निघोजे
१३ ऑक्टोबर २०२४

ताई,

काल दसरा. गाडीला झेंडूचा हार घातला. आई म्हणाली, मी बसते, आणि ती दारं उलट्या बाजूनं उघडतात हे विसरून तिचा पदर अडकला. मग बसली. मी फाट्यापर्यंत नेऊन आणलं. क्लच दाबताना ठोकळ्यामुळे माझा गुडघा स्टिअरिंगला लागत होता. आईनं ते पाहिलं. "तुला व्हत न्हाई नीट," म्हणाली. टोमणा नव्हता, जे दिसलं ते बोलली.

व्हीएचा अर्ज मी मागे घेतला. चॅसीचा कान कापणार नाही. रंगही दुधी करणार नाही. हिरवाच दिला, भोसरीतल्या मशीनच्या रंगवाल्याकडून, आप्पा आणायचे तसलाच. अजिंक्य हळहळला. पण मी त्याला विचारलं की ही गाडी जशी आहे तशी, खरं लिहून, कुठल्या रकान्यात बसेल? त्यानं दोन दिवस चौकशी केली. ज्याच्या शरीराला बसावी म्हणून गाडी बदललेली असते, त्याच्या वापरासाठी तशी नोंद होऊ शकते, असं तो म्हणाला. अर्ज, तपासणी, सगळं नव्यानं. नक्की होईल असं त्यानं सांगितलेलं नाही. "पण सर, मग ती गाडी तुमच्या नावावर नाही होणार. ज्यांच्यासाठी बदललीय त्यांच्या नावावर."

मी म्हणालो, "हो, बरोबर आहे."

म्हणजे आता संमती तुझी लागत नाही. माझी लागते. सोबत दोन कागद आहेत. एक आईचा. तिनं 'यशोदाबाई' हे नाव पूर्ण काढायला पाच मिनिटं घेतली आणि मला मध्ये बोलू दिलं नाही. दुसरा माझा. गाडीवरचा माझा हक्क मी सोडतो असं त्यात लिहिलंय. सही करण्यापूर्वी मी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मला वाचायला एक मिनिट लागलं. तू खेडच्या बाकावर किती वेळ बसली होतीस ते तेव्हा आठवलं.

तुझ्या सहीसाठी कुठेही फुली केलेली नाही.

जमिनीचं मी या कागदात आणलेलं नाही. ती विकली गेली, त्यावर आता गोदाम आहे, आणि एका जुन्या गाडीनं ते फिटत नाही हे मला समजतं. त्याबद्दल तुला जेव्हा आणि जसं बोलायचं असेल तेव्हा मी ऐकेन. बोलायचं नसेल तरी गाडी तुझीच.

आणि आता ते, जे आप्पांनी मला अकरा वर्षं विचारायला सांगितलं होतं. ताई, तुला गाडी हवी आहे का?

नको असेल तर तसं लिही. तेही चालेल. विचारायचं राहिलं होतं.

जयू


निघोजे
२७ ऑक्टोबर २०२४

ताई,

तुझं पोस्टकार्ड गुरुवारी आलं. आईनं पोस्टमनच्या हातातून घेतलं आणि मी कामावरून येईपर्यंत पदराखाली ठेवलं होतं. तिला वाचता येतं, पण म्हणाली, "तुझ्या नावाचं हाय." मी मोठ्यानं वाचलं. वाचायला फार नव्हतंच:

'पावणेदोन नको. आता बूट वेगळा आहे, जाड तळाचा. सव्वा इंच पुरेल. आधी बसून बघीन. फळीवर तारीख घाल. – स्वरूपा'

पुनमनं ते फ्रीजवर लावायला मागितलं. मी दिलं नाही. माझ्या डायरीत आहे. पोचपावत्या फ्रीजवरच राहू दे म्हणालो.

शनिवारी दत्तोबा मिस्त्रींकडून बाभळीचा एक तुकडा आणला. "परत पाय करायचा का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो, माप सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीच शिकलो नाही. "त्ये माप तिच्या तोंडचं हाय, पायाचं न्हाई. दीड ठेव. ती बसू दे, दाबू दे, मंग तासायचं. जास्तीचं लाकूड काढता येतंय. घालता येत न्हाई."

म्हणून ठोकळा दीड इंचाचा बसवलाय. सव्वा नाही. हे तू लिहिलेल्या मापापेक्षा वेगळं आहे, म्हणून आधीच कळवतो. जुना पावणेदोनाचा ठोकळा पुसून कागदात गुंडाळून ठेवलाय. तो तुझा.

फळी जागेवर बसवली आहे, पण चार स्क्रूंपैकी दोनच लावलेत, म्हणजे उलटी करायला सोपी. १९९६च्या खाली आप्पांनी सोडलेली जागा तशीच आहे. तू तारीख घालायला सांगितलंस. मी पेन्सिल घेऊन बसलो होतो आणि '२०२४' लिहून थांबलो. पुढचं माप कोरं आहे. तू बसलीस, दाबलंस, आणि कुठे थांबायचं ते सांगितलंस की मी तासेन. पटाशी धार लावून ठेवली आहे.

भाऊबीज पुढच्या रविवारी आहे. त्या दिवशी ये असं मी म्हणत नाही. दुसरा कुठलाही दिवस चालेल. कुठल्या दिवशी जमेल, एवढं कळव. गाडी तिकडे आणू का, तेही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये माझ्या हातून ती तीनदा तरी बंद पडेल, पण तेव्हा तू जवळ असशील.

जयू